आधी ब्रेक, मग इंजिन

घरी जुळवलेली गाडी पहिल्यांदा बाहेर निघते तेव्हा गल्लीतल्या सगळ्यांचे कान इंजिनाकडे असतात. ‘चालू झाली का?’ हा एकच प्रश्न. जाणता मिस्त्री मात्र विचारतो, ‘थांबते का?’

माझा भाचा फिटर आहे. जुन्या जीपची चासी, दुसऱ्या गाडीचं डिझेल इंजिन आणि मागे स्वतः वेल्डिंग केलेला हौदा, अशी पिकअप त्याने दोन वर्षं सुट्टीच्या दिवशी खपून उभी केली. पहिल्या फेरीला आईला शेजारी बसवायचं, हे त्याने ठरवूनच टाकलं होतं. त्याच्या उस्तादांनी साफ सांगितलं, ‘आज गाडीत तू एकटा. आणि तीही शेतातच.’ बांधावर उभं राहून मी जे पाहिलं, ते सांगतो.

आधी गाडी जागेवरच. ब्रेकचं पेडल दाबून धरलं, तर ते कडक राहायला हवं. हळूहळू खाली जात असेल तर कुठेतरी गळती आहे. स्पंजासारखं दबत असेल तर नळीत हवा आहे. ब्रेक ऑइल दाबलं तरी आकसत नाही, म्हणून पायाचा जोर चाकांपर्यंत पोचतो. हवा मात्र आकसते आणि जोर वाटेतच जिरतो. सगळी हवा निघेपर्यंत उस्तादांनी गिअर टाकू दिला नाही.

मग पायी चालण्याच्या वेगाने थोडं अंतर आणि ब्रेक. पुन्हा तेच. घाई का नाही, याचं गणित सोपं आहे. वेग दुप्पट झाला की ब्रेक दाबल्यापासून थांबेपर्यंतचं अंतर चौपट होतं. ताशी २० किलोमीटर वेगाला ३ मीटरमध्ये थांबणारी गाडी ४० ला १२ मीटर घेते.

पिकअपची आणखी एक खोड आहे. हौदा रिकामा असला की मागची बाजू हलकी. जोरात ब्रेक मारला की भार पुढे जातो, मागची चाकं फिरायची थांबून घसरू लागतात आणि गाडीचं शेपूट फिरतं. म्हणून रिकाम्या गाडीची चाचणी वेगळी, वाळूची पोती भरून वेगळी.

दोन-चार फेऱ्यांनंतर इंजिन बंद केलं. चाकांचे नट पुन्हा आवळले, स्टिअरिंगचे सांधे हलवून पाहिले. मागचं उजवं चाक बाकीच्यांपेक्षा तापलेलं निघालं; म्हणजे तिथला ब्रेक नीट सुटत नव्हता. भाचा हिरमुसला. आपा म्हणाली, ‘मी कुठं पळून चाललेय? नीट कर, मग बसते.’

शेतच का, रस्ता का नाही? १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार नोंदणीशिवाय गाडी सार्वजनिक रस्त्यावर आणता येत नाही, आणि नोंदलेल्या गाडीतही मनाला येतील ते बदल करता येत नाहीत. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या एका कारागिराने घरी बनवलेली छोटी चारचाकी २०२१ मध्ये गाजली. आनंद महिंद्रांनी तिचं कौतुक केलं, पण ती नियमात बसत नाही हेही सांगितलं आणि २०२२ मध्ये तिच्या बदल्यात त्याला बोलेरो मिळाली.

अशा नियमांनी कारागिराचं मन खट्टू होतं, हे खरं. पण समोरून येणाऱ्याला तुमची दोन वर्षांची मेहनत दिसत नसते. तुम्ही वेळेत थांबाल, एवढाच भरवसा त्याला हवा असतो.