संगणकाच्या गाभ्यांतील पहारा

१९ जुलै २०२४ रोजीं मुंबईच्या विमानतळावर कांहीं विमानकंपन्यांस प्रवाशांची नोंद हातानें करावी लागली, हें श्रोत्यांस स्मरत असेल. कोलशेतहून तेथें जाणाऱ्यास वाटेंतला खोळंबा नवा नव्हे. त्या दिवशींचा खोळंबा संगणकाच्या गाभ्यांत होता. क्राउडस्ट्राइकच्या ड्रायव्हरला २० मूल्यें पुरविलीं असतां त्यानें २१ वें वाचूं पाहिलें. संख्येची तपासणीच नव्हती. साधा प्रोग्रॅम चुकला तर एकटा बंद पडतो. गाभ्यांत चालणारा ड्रायव्हर चुकला कीं सारें यंत्र कोसळतें. अशीं सुमारें ८५ लाख यंत्रें कोसळलीं.

मग पावलोपावलीं तपासणी घालावी काय? तसेंही नव्हे. लिनक्समध्यें स्मृति मोकळी करणाऱ्या ‘के-फ्री’ला रिकामा पत्ता दिला तरी बिघडत नाहीं; त्याआधींची तपासणी परीक्षक खोडावयास लावतात. बाहेरून आलेला आकडा मात्र ते तपासल्यावांचून पुढें जाऊं देत नाहींत.