मोटर गुणगुणते, पण फिरत नाहीं

तुमसरच्या राइस मिलमध्यें धान भरडण्याच्या ऐन हंगामांत मोटर नुसती गुणगुणूं लागली, फिरेना, कीं ती जळाली असें मानण्याची घाई होते. पुष्कळदां मोटर निर्दोष असते. तीन फेजपैकीं एखाद्या तारेचा प्रवाह तुटलेला असतो. उरलेल्या दोन तारांनीं फिरतें चुंबकीय क्षेत्र उत्पन्न होत नाहीं, म्हणून थांबलेली मोटर हलत नाहीं. चालती मोटर अधिक फसवी! ती फिरत राहते, भारहि ओढते. मात्र दोन तारांतून सुमारें पावणेदोनपट प्रवाह वाहून वेटोळीं जळतात. यास्तव जाणत्या वायरमननें प्रथम मुख्य स्विच बंद करावा. मग फ्यूज, स्टार्टर व तारांचीं टोंकें तपासावींत. दोष कित्येकदां एका ढिल्या स्क्रूंत सांपडतो. जोडणीनंतर मोटर उलटी फिरली, तर कोणत्याहि दोन तारांची अदलाबदल पुरे.