दिल्लीचा मराठी लेखक कोण?

दिल्लीचे नाव निघाले की मराठी माणसाच्या मनात आधी पानिपत येते. दिल्लीपासून सुमारे ९० किलोमीटरवरचे हे गाव आज राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात मोडते. १४ जानेवारी १७६१ च्या त्या लढाईने आपल्या बोलण्यात ‘पानिपत होणे’ हा वाक्प्रचार रुजवला. बखरकारांपासून इतिहासकार त्र्यं. शं. शेजवलकरांपर्यंत आणि पुढे विश्वास पाटील यांच्या १९८८ च्या ‘पानिपत’ कादंबरीपर्यंत, मराठी लेखणी त्या रणभूमीकडे पुन:पुन्हा वळली. विजय तेंडुलकरांचे ‘कमला’ हे नाटक तर दिल्लीतल्या एका पत्रकाराच्या घरातच घडते.

पण यांपैकी कुणी दिल्लीकर झाले नाही. मग जे दिल्लीकर झाले, ते कोणत्या भाषेत लिहीत होते?

एका घरात दोन भाषा

साताऱ्यात १८८५ साली जन्मलेले काकासाहेब कालेलकर राज्यसभेचे सदस्य होते. दिल्लीत राजघाटाजवळच्या ‘सन्निधी’त त्यांचे दीर्घकाळ वास्तव्य होते आणि १९८१ मध्ये दिल्लीतच त्यांचे निधन झाले. त्यांना १९६५ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, तो मात्र गुजराती पुस्तकासाठी. त्यांच्या गुजरातीवर खूष होऊन गांधीजींनी त्यांना ‘सवाई गुजराती’ म्हटले होते!

प्रभाकर माचवे आणि गजानन माधव मुक्तिबोध हे दोघे १९१७ सालचे, दोघेही तेव्हाच्या ग्वाल्हेर संस्थानातल्या मराठी घरांत जन्मलेले. १९४३ मध्ये अज्ञेयांनी ‘तार सप्तक’ हा गाजलेला हिंदी काव्यसंग्रह काढला. त्यातल्या सात कवींपैकी दोन म्हणजे हे दोघे. माचवे पुढे दिल्लीत साहित्य अकादमीचे सचिव झाले. त्यांनी मराठीतही लिहिले, पण नाव झाले ते हिंदीत.

मुक्तिबोधांचा दिल्लीशी संबंध आला तो शेवटच्या आजारात. १९६४ मध्ये पक्षाघातानंतर त्यांना भोपाळहून दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत आणले गेले. ११ सप्टेंबर रोजी तिथेच त्यांची प्राणज्योत मालवली. त्याच वर्षी त्यांचा पहिला स्वतंत्र काव्यसंग्रह निघाला. तो हातात घेऊन पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. त्यांचे धाकटे बंधू शरच्चंद्र मुक्तिबोध मात्र मराठीत लिहीत राहिले आणि १९७९ मध्ये साहित्य अकादमी पुरस्काराचे मानकरी ठरले. एकाच आईची दोन लेकरे, पण एक हिंदीचा झाला, दुसरा मराठीचा!

यात दोष कुणाचाच नाही. ज्या भाषेत शाळा, मित्र आणि वाचक मिळतात, त्या भाषेत लेखणी चालते. पण म्हणूनच परप्रांतातल्या मराठी घरांनी विचार करावा असे यात बरेच आहे.

संमेलन संपल्यावर

साहित्य अकादमी १९५४ मध्ये स्थापन झाली. त्याच वर्षी तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या अध्यक्षतेखाली मराठी साहित्य संमेलन दिल्लीत भरले. पुन्हा दिल्लीचा योग यायला ७१ वर्षे लागली. फेब्रुवारी २०२५ मध्ये तालकटोरा मैदानावर ९८ वे संमेलन झाले. अध्यक्षस्थानी लोकसाहित्याच्या अभ्यासक डॉ. तारा भवाळकर होत्या. आदल्याच ऑक्टोबरमध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला होता, त्यामुळे उत्साह मोठा होता.

पण मांडव उतरला की भाषा परत घरावरच येते. आज गुरुग्राम, नोएडाच्या मराठी घरांत आई-बाबा मराठीत विचारतात, मुले हिंदीत उत्तर देतात. सणाला पुरणपोळी होते, गणपतीत आरत्याही पाठ असतात. पुस्तक मात्र घरात शोधावे लागते.

एक गोष्ट आपल्या बाजूची आहे. शाळेत हिंदी शिकलेल्या या मुलांना देवनागरी वाचता येते. तमिळ किंवा बंगाली मुलाला दिल्लीत घरची लिपी वेगळी शिकावी लागते, आपल्या मुलाला फक्त ‘ळ’शी मैत्री करायची आहे! रोज रात्री पंधरा मिनिटे एखादी मराठी गोष्ट मोठ्याने वाचायला काय हरकत आहे? आधी आजीने वाचावी, मग नातवाने.

कुणी सांगावे, दिल्लीत राहून, दिल्लीबद्दल, मराठीत लिहिणारा उद्याचा लेखक आज अशाच एखाद्या घरात ‘ळ’ गिरवत असेल!