पोरांनो, एकेकटे पळू नका

तुमच्याही गावचा कुणीतरी लालबागला गिरणीत होताच ना? भोंगा झाला की त्याचे पाऊल खोलीबाहेर पडायचे. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला, पुढे एकेक गिरणी बंद पडली. आता त्या बाजूला पहाटे पावले वाजतात ती धावणाऱ्यांची. (गणपतीत मात्र लालबागेत चालता आले तरी पुष्कळ!)

2004 पासून मुंबई मॅरेथॉन होते, अंतर 42.195 किलोमीटर. एवढे एकट्याच्या हिमतीवर कोण पळणार? म्हणून मुंबईत ठिकठिकाणी धावणाऱ्यांचे गट जमले. लालबागहून जवळच्या शिवाजी पार्कलाही पहाटे ते दिसतात. सारखा वेग असलेले एकत्र पळतात. पळताना सोबत्याशी बोलता आले पाहिजे. धाप लागली की वेग कमी. दमछाक करणारे पळणे आठवड्यातून एकदोनदाच. मागे राहिलेल्याजवळ कुणीतरी थांबतोच.

आपल्याकडे पोलीस भरतीसाठी मुलांना 1600 आणि मुलींना 800 मीटर धावावे लागते. पोरगा रोज जीव खाऊन पळतो आणि नडगी धरून बसतो. पोरीला तर अंधारात एकटी कशी सोडायची म्हणून आपण निघूच देत नाही. शेजारच्या चौघी मिळून निघाल्या तर? माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर 2016 साली रिओ ऑलिंपिकच्या अंतिम शर्यतीत धावली, तीही गावातलीच पोर.

रस्त्यावर समोरून येणारी गाडी दिसेल अशा उजव्या कडेने पळा. कुणाच्या छातीत दुखले, चक्कर आली, तर सगळ्यांनी थांबा आणि त्याला लगेच दवाखान्यात न्या.