डोळ्यात भाताचं कुसळ गेलं? दुकानातले थेंब घालू नका, डोळा गमावाल!

अलिबाग : भातकापणी-झोडणी सुरू झाली की डोळ्यात कुसळ जाणं आपल्याकडे नेहमीचंच. कोळीवाड्यात माशाचा काटा, खवला लागतो. आपण डोळा धुतो आणि कामाला लागतो. पण बुबुळावर ओरखडा पडला असेल तर त्यातून बुरशी आत शिरू शकते. काही दिवसांत डोळा लाल होतो, ठणकतो, उजेड सहन होत नाही, बुबुळावर पांढरा ठिपका दिसतो. ‘फूल पडलं’ म्हणून गप्प बसू नका. ती जखम आहे.

वेळेत गेलात तर नाटामायसिनसारख्या बुरशीवरच्या थेंबांनी ती भरू शकते. उशीर झाला तर बुबुळाला भोक पडतं. मग खराब भाग कापून नेत्रदानातून मिळालेलं बुबुळ शिवावं लागतं. तेव्हा आधी डोळा वाचवायचा असतो, नजरेचं नंतर.

ही शस्त्रक्रिया अवघड असते. जंतुसंसर्गामुळे बुबुळामागच्या पोकळीत फायब्रिनचा चिकट थर साचतो. रक्ताची गुठळी ज्या धाग्यांनी घट्ट होते, तेच हे धागे. बाहुलीभोवतीचा रंगीत पडदा ते मागच्या भिंगाला चिकटवतात. डोळ्यातल्या पाण्याची वाट अडते, दाब वाढतो. थर ओढून काढावा तर पडदा फाटून रक्त येण्याची भीती.

अशा वेळी काही डॉक्टर ‘टीपीए’ हे गुठळी विरघळवणारं औषध डोळ्यात सोडतात. मेंदूत गुठळी होऊन लकवा झाला की शिरेतून देतात, तेच हे औषध. डोळ्यात मात्र अगदी कणभर, साधारण 25 मायक्रोग्रॅम किंवा त्याहून कमी. म्हणजे एका मिलिग्रॅमचा चाळिसावा भाग. धागे विरघळले की पडदा अलगद सोडवता येतो. पण या औषधाने बुरशी मरत नाही, रक्तस्रावाचा धोकाही असतो. म्हणून ते सरसकट वापरत नाहीत.

इथवर वेळ येऊ नये म्हणून :

• झोडणी करताना साधा चष्मा लावा.
• कचरा गेला तर डोळा चोळू नका, स्वच्छ पाण्याने धुवा.
• मध, अंगावरचं दूध, पाल्याचा रस घालू नका.
• दुकानातून स्टिरॉइडचे थेंब आणू नका. लाली उतरते, पण आत बुरशी फोफावते.
• दुखणं राहिलं तर दुसऱ्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे किंवा अलिबागच्या जिल्हा रुग्णालयात जा. ‘कुसळ लागलं होतं’ हे आवर्जून सांगा.

आणि घरात कुणी गेलं तर 6 तासांच्या आत नेत्रदान होऊ शकतं, हेही लक्षात ठेवा. शिवायला बुबुळ तिथूनच येतं.