गरम केलेली चिप किती दिवस चालते?

जुना लॅपटॉप टेबलावर ठेवताना लोक बहुधा एकच तक्रार सांगतात : ‘दिवे लागतात, पंखा फिरतो, पण पडद्यावर काहीच येत नाही.’ कुणाच्या पडद्यावर उभ्या रंगीत रेघा असतात, कुणाच्या नुसत्या चौकटी. बीडमध्ये मी दुरुस्तीचे हे काम बरीच वर्षे करतो आहे. यातल्या पुष्कळ जणांनी एकदा कुठेतरी पैसे मोजलेले असतात. कुणीतरी चिप ‘गरम करून’ दिलेली असते आणि पंधरा दिवसांत पडदा पुन्हा काळा झालेला असतो. मंडळी, आज या गरम करण्याविषयीच बोलायचे आहे.

पडद्यावरचे चित्र तयार करणारी ग्राफिक्स चिप म्हणजे सिलिकॉनचा नखाएवढा तुकडा. तो एका छोट्या हिरव्या पाटीवर शेकडो सूक्ष्म टाक्यांनी बसवलेला असतो आणि ती पाटी कथलाच्या बारीक गोळ्यांनी मदरबोर्डला जोडलेली असते. म्हणजे जोड दोन मजली. मशीन चालू झाले की सगळे तापते. सिलिकॉन अगदी थोडे प्रसरण पावते, पाटी त्याच्या कितीतरी पट. बंद केले की दोन्ही आकसतात. तार एकाच जागी वाकवत राहिले की तुटते, तसे वरच्या मजल्यावरचे टाके थकतात. त्यांना आधार म्हणून मधल्या फटीत एक चिकट द्रव्य भरलेले असते. ते उष्णतेने लवकर मऊ पडणारे असेल, तर सारा ताण टाक्यांवर येतो.

ही एकट्यादुकट्या कारागिराची समजूत नव्हे. जुलै २००८ मध्ये एन्व्हिडिया या अमेरिकन कंपनीने लॅपटॉपमधल्या आपल्या काही चिपांच्या बांधणीतले साहित्य कमजोर असल्याचे सांगितले आणि दुरुस्ती-बदलीपोटी १५ ते २० कोटी डॉलरची तरतूद जाहीर केली. डेल, एचपी, ॲपल या तिघांच्याही काही मशिनांत त्या चिपा होत्या. अमेरिकेत ग्राहकांनी दावा लावला, २०१० मध्ये तडजोड झाली, पण तिचा लाभ तिथल्या खरेदीदारांपुरताच होता. दोष एकाच कंपनीपुरता राहिला असेही नाही. २०११ च्या काही मॅकबुक प्रोमध्ये एएमडीची ग्राफिक्स चिप होती. त्यांच्या चित्राच्या बिघाडासाठी ॲपलला २०१५ मध्ये मोफत दुरुस्तीची योजना काढावी लागली. या सवलतींच्या मुदती कधीच सरल्या, मशीन मात्र जुन्या बाजारात हात बदलत राहिले.

आपल्याकडे त्यात भर पडली ती विजेची. २००५ नंतरची काही वर्षे मराठवाड्यात भारनियमन तासन्‌तास चालायचे. बॅटरी मेलेला लॅपटॉप वीज गेली की जागीच बंद पडतो. आली की पुन्हा तापतो. चिपच्या दृष्टीने तारेला आणखी एक वाक. शिवाय मे महिन्याचा उन्हाळा, धूळ, आणि कापसाच्या हंगामात पंख्याच्या जाळीवर बसणारा तंतूंचा थर. गोधडीवर मांडलेल्या लॅपटॉपला तर खालून हवाच मिळत नाही.

आता गरम केल्याने चित्र परत का येते? उष्णतेने सगळे फुगते, तडकलेल्या टाक्याची दोन टोके एकमेकांना टेकतात. टेकतात, सांधली जात नाहीत. म्हणून थोड्याच दिवसांत ती पुन्हा सुटतात. काही जण खालचे गोळे नवे घालून देतात, त्याला रिबॉलिंग म्हणतात. मशीन पडल्याने खालचा जोड तुटला असेल तर हे काम टिकते. बिघाड वरच्या मजल्यावर असेल तर तो खर्च वाया. माझ्या मते गरम करण्याचे दुरुस्ती म्हणून पैसे घेणेच योग्य नाही.

पैसे देण्याआधी घरीच एक तपासणी करून पाहा. लॅपटॉपला बाहेरचा मॉनिटर किंवा टीव्ही जोडा. तिथे चित्र स्वच्छ आले तर दोष लॅपटॉपच्या पडद्यात किंवा त्याच्या केबलीत आहे. ते तुलनेने स्वस्तात होते. तिथेही रेघा असतील तर चिपवर संशय घ्या. पडदा नुसताच काळा असेल तर रॅम काढून, तिचे पितळी दिसणारे टोक खोडरबराने पुसून परत बसवा. निम्मी भीती तिथेच संपते, कधी कधी.

चिप गेली म्हणजे आतले फोटो, प्रबंध, शेताची कागदपत्रे गेली असे नाही. ते सारे हार्ड डिस्कवर असते. डिस्क काढून साध्या केसिंगमध्ये घातली की दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडते. हे काम आधी करून घ्यावे, बोर्डाचा विचार नंतर. ज्या मशिनांत प्रोसेसरचे स्वतःचे ग्राफिक्सही असते, त्यातल्या काहींत बिघडलेली चिप सेटिंगमधून बंद ठेवून काम भागवता येते.

जुना लॅपटॉप घेताना दुकानदाराची ‘टेस्टिंग वॉरंटी’ दोनचार दिवसांची असते. गरम केलेली चिप तेवढे दिवस सहज काढते. महिन्याची हमी लेखी मागा. दुकानातच अर्धा तास व्हिडिओ चालवा, बंद करून पूर्ण थंड होऊ द्या, मग पुन्हा चालू करा. अडखळायचे असेल तर बऱ्याचदा थंड सुरुवातीलाच अडखळते.

चिप बदलायचीच ठरली तर ती नवी आहे की दुसऱ्या बोर्डावरून काढलेली, हे विचारा. एन्व्हिडियाच्या चिपेवर निर्मितीचे वर्ष आणि आठवडा चार आकड्यांत असतो. ०८२५ म्हणजे २००८ चा पंचविसावा आठवडा. त्या काळातली जुन्या साहित्याची चिप बसवून घेण्यात अर्थ नाही. आकडे भिंगातून वाचा, आणि छपाई खरवडून पुन्हा केलेली दिसली तर मशीन उचलून घरी या.