भरतीची वाट – भाग ५ : गुणपत्रिकेतला ४०चा आकडा

मागच्या भागात मैदानी चाचणी पाहिली. आता गुणांकडे वळू, कारण मेहनती पोरंही इथेच अडकतात.

लखनौच्या छावणीत आर्मी मेडिकल कोअरचं केंद्र आहे. नर्सिंग असिस्टंट म्हणून निवडलेला मुलगा साताऱ्याचा असो की बुलढाण्याचा, प्रशिक्षणाला तिथे जातो. हे पद अग्निवीर योजनेतलं नाही, नियमित सेवेचं आहे, म्हणून त्याला मागणीही मोठी. पण लखनौची वाट पळण्याने किंवा लेखी परीक्षेने सुरू होत नाही. ती सुरू होते बारावीच्या गुणपत्रिकेपासून. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हे विषय हवेत, एकूण किमान ५० टक्के हवेत आणि प्रत्येक विषयात किमान ४०.

हा ४० नीट वाचा. समजा एखाद्याला भौतिकशास्त्रात ६१, रसायनशास्त्रात ५८, जीवशास्त्रात ७० आणि इंग्रजीत ३७ गुण आहेत. सरासरी ५६च्या वर. आपलं बोर्ड ३५ला उत्तीर्ण करतं, घरात पेढे वाटले जातात. सैन्याच्या लेखी मात्र हा मुलगा या पदाला अपात्र. इंग्रजीचे तीन गुण कमी पडले, की जीवशास्त्रातल्या सत्तरचा काही उपयोग नाही.

अमेरिकेत उलट क्रम आहे. तिथे उमेदवार आधी अॅसव्हॅब ही एकच क्षमता चाचणी देतो आणि तिच्या वेगवेगळ्या भागांतल्या गुणांवरून कोणती कामं त्याला खुली आहेत ते ठरतं. आपल्याकडे मुलगा आधी पद निवडतो, मग त्या पदाची परीक्षा देतो. म्हणजे कल ओळखण्याचं काम आपण दहावी-बारावीच्या निकालावर सोपवलं आहे, आणि हे मला पटत नाही. सोळाव्या वर्षी कला शाखा घेणाऱ्या मुलाला कुणी सांगितलेलं नसतं की सैन्यातल्या तांत्रिक कामाची बारावीची वाट त्याने त्याच दिवशी सोडली.

अग्निवीरांतही हेच. जनरल ड्यूटीला दहावीत एकूण ४५ टक्के आणि प्रत्येक विषयात ३३ पुरतात. टेक्निकलला बारावी विज्ञान, गणितासह, किंवा दहावीनंतर आयटीआय वा पदविका. क्लार्कला शाखा कोणतीही चालते, पण एकूण ६० टक्के, प्रत्येक विषयात ५०, आणि इंग्रजीबरोबर गणित किंवा पुस्तपालनातही तेवढेच लागतात. २०२३पासून ऑनलाइन लेखी परीक्षा मैदानीच्या आधी होते. पण ती द्यायला मिळते ती पात्र ठरलेल्यांनाच.

इंग्रजीत ३७ असलेल्याने खचू नये. बोर्डाच्या श्रेणीसुधार योजनेत पुन्हा बसता येतं, मात्र सगळे विषय घेऊन. नर्सिंग असिस्टंटसाठी वयाची मर्यादा २३ वर्षांपर्यंत आहे, तेव्हा एक वर्ष अभ्यासाला देणं परवडतं. भरती अकादमीची फी भरण्याआधी गुणपत्रिका आणि भरतीची जाहिरात शेजारी ठेवून एकेक विषय ताडून पाहा.

पुढच्या भागात लेखी परीक्षेची तयारी.